शाळेला पैसा कुठून येतो, आणि दिव्यांग मुलाचा हिस्सा कुठे अडतो?

भंडारा जिल्ह्यातल्या पालकसभांमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सरकार शाळेला देतं तरी काय?" आपल्या वाचकांसाठी त्याचं उत्तर इथे एकत्र देत आहोत.

पगार : जिल्हा परिषदेची शाळा मराठी असो की उर्दू, शिक्षकांचा पगार राज्य सरकारच्या अनुदानातून होतो. खासगी अनुदानित शाळांचंही तसंच. काही शाळा टप्पा अनुदानावर आहेत, म्हणजे त्यांना २०, ४०, ६० टक्के असं वाढत जाणारं अनुदान मिळतं. शिक्षक किती मिळणार, हे पटावरून संचमान्यतेत ठरतं. संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदान देताना भेदभाव करता येत नाही. राज्यघटनेचं कलम ३० (२) तेच सांगतं.

शाळेचा खर्च : खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यासाठी सरकारी शाळांना 'समग्र शिक्षा' योजनेतून पैसा येतो. २०१८ पासूनच्या या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. निकषानुसार ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार आणि २५० पर्यंत ५० हजार रुपये.

दिव्यांग मुलं : याच योजनेत दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. ही रक्कम रोख हातात येत नाही. तपासणी, साधनं, शिकवण्याचं साहित्य यावर खर्च होते. मुलींसाठी मात्र दरमहा २०० रुपये भत्ता आहे, १० महिन्यांसाठी, पहिली ते बारावी. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत.

मग अडतं कुठे? नोंदीत. शाळेने यू-डायसमध्ये मुलाचं दिव्यांगत्व नोंदवलं नाही, तर सरकारच्या हिशेबात ते मूल दिव्यांग नसतंच.

आमच्याच वर्गात एक मुलगी दोन वर्षं मागच्या बाकावर बसायची. आम्ही तिला 'लक्ष न देणारी' समजत होतो. तिला कमी ऐकू येत होतं. घरच्यांना माहीत होतं, पण "उद्या रिश्ता कसा येईल?" म्हणून ते गप्प राहिले. चूक त्यांची होती, आणि आमचीही. त्या दोन वर्षांत तिच्या नावाने एक रुपयाही मागितला गेला नाही.

म्हणून पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. सरकारी रुग्णालयात तपासणी करून दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. मुख्याध्यापकांकडे त्याची प्रत देऊन यू-डायसमध्ये नोंद झाली का, ते विचारा. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकाला भेटा.

आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जा. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिथे ७५ टक्के सदस्य पालकच असतात. आलेला पैसा कशावर खर्च झाला, हे विचारायची जागा तीच आहे.