वाळवंटातील नवाहो आणि आपल्या वेशीबाहेरची पाले

गेल्या पावसाळ्यात, जालन्यातील धर्मग्रामाच्या कामांतून सवड काढून, आम्ही टोनी हिलरमन या अमेरिकन कॅथलिक लेखकाच्या रहस्यकथा वाचल्या. मालिकेतील पहिली कादंबरी १९७० सालची. तिच्यातील जो लीपहॉर्न हा पोलीस अधिकारी स्वतः नवाहो जमातीचा आहे. हिलरमन यांचे बालपणीचे शिक्षण ओक्लाहोमात, मर्सी भगिनींनी आदिवासी मुलींसाठी चालविलेल्या शाळेत झाले. परक्याचे घर आतून पाहण्याची नजर त्यांना तेथेच लाभली असावी.

रहस्य उलगडता उलगडता इतिहास हाती लागला. १८६४ च्या सुमारास अमेरिकन सैन्याने नवाहोंची उभी पिके आणि फळबागा उद्ध्वस्त केल्या. आठ हजारांहून अधिक माणसांना शेकडो मैल पायी चालवीत पेकोस नदीकाठच्या छावणीत कोंडले. खारे पाणी आणि बुडालेली पिके यांपायी कित्येक तेथेच मेले. १ जून १८६८ च्या तहानंतर उरलेले मायभूमीला परतले. पुढे १८९८ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू त्यांच्यात राहावयास गेले आणि १९१० मध्ये त्यांनी नवाहो भाषेचा कोश छापला. वाचताना आम्हांला आपल्या फादर स्टीफन्सची आठवण झाली.

त्या तहानंतर तीनच वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हा आधी ठरला, गुन्हेगार मागाहून जन्माला आले! नित्य हजेरी लागू झाली. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. १९५२ च्या ऑगस्टअखेर कायदा गेला. शिक्का पुसला गेला नाही.

हा शिक्का आतून पाहावयाचा तर, वाचकहो, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचा. गायकवाड तर आपल्याच मराठवाड्यातले, लातूरकडील धनेगावचे. दोहोंनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मात्र येथे लीपहॉर्न भेटत नाही. पालावर आलेला पोलीस रहस्य सोडवावयास आलेला नसतो. त्याच्या लेखी चोर आधीच सापडलेला असतो. पारध्याच्या किंवा कैकाड्याच्या घरचा फौजदार नायक असलेली रहस्यकथा मराठीत आमच्या तरी वाचनात आलेली नाही.

आम्ही हे कोणत्या तोंडाने लिहितो? काही वर्षांपूर्वी वेदीवरील दोन पितळी समया दिसेनाशा झाल्या, तेव्हा आमची नजर प्रथम ओढ्यापलीकडील कैकाड्यांच्या पालांकडेच गेली होती. तसे आम्ही बोलूनही दाखविले, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच नवल वाटले नाही. समया चार दिवसांनी सॅक्रिस्टीच्या कपाटात, सणाच्या वस्त्रांखाली सापडल्या. त्याच आठवड्यात पालावरची म्हातारी टोपल्या विकावयास दारी आली. तिने किंमत सांगितली. आम्ही घासाघीस केली नाही, आणि तिच्याकडे नीट पाहूही शकलो नाही.