राजवाड्यांची साधने आणि संगणकयुग

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची कारकीर्द विद्यापीठाच्या चौकटीत घडली नाही. पदवीनंतर त्यांनी १८९४ मध्ये 'भाषांतर' मासिक काढले. पुढे वाई येथे पानिपतच्या मोहिमेसंबंधीची पत्रे हाती लागली आणि त्यांच्या कार्याला दिशा मिळाली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला व मालेचे एकूण २२ खंड निघाले. बखरींपेक्षा अस्सल पत्रांना अग्रक्रम देण्याची शिस्त त्यांनी मराठी इतिहासलेखनात रुजविली.

पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे राजवाडे अखेरीस धुळ्यात स्थिरावले. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. जळगाव येथे विद्यापीठ झाले ते १९८९ मध्ये. त्याआधी सहा दशकांहून अधिक काळ खानदेशात संशोधनाची परंपरा या मंडळाने जपली.

साधनांचे खंड आज महाजालावर वाचता येतात. तथापि कागदाचे छायाचित्र म्हणजे इतिहासाचे साधन नव्हे. मोडीतील मजकूर बाळबोधीत उतरविल्याखेरीज त्यात शब्दशोध करता येत नाही. कालनिर्णय हा दुसरा अडसर होय. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे शुहूर सन ११६१. इसवी सनाप्रमाणे १७६०-६१, अर्थात पानिपतचे वर्ष. असे वर्ष लिहिलेले असेल तर संगणक क्षणात रूपांतर करील. परंतु अनेक पत्रांत केवळ महिना व तिथी किंवा चंद्र असतो. तेथे मजकुरातील व्यक्ती व प्रसंग पारखून वर्ष ठरवावे लागते. पत्र कोणत्या दप्तरातील, कोणाच्या घरचे, याची नोंद नसेल तर त्याची विश्वसनीयताही तपासता येत नाही.

वाचन, कालनिर्णय व मूळस्थानाची नोंद ही तिन्ही कामे राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून एकहाती आरंभिली. म्हणूनच त्यांची छापील पाने संगणकाला उपयोगी पडतात. मात्र मूळ कागद पाहिल्याशिवाय वाचनातील शंका फिटत नाही. डिजिटल प्रत झाली म्हणून मूळ कागदाची हेळसांड झाली, तर तपासणीचा अंतिम आधारच नाहीसा होईल. मोडी जाणणारे वाचक तयार करणे आणि कागद जतन करणे, या दोन्ही गोष्टी संगणकाइतक्याच निकडीच्या आहेत.