तळटीप : जठराचा कर्करोग आणि पांढऱ्या पेशी

पांढऱ्या पेशी कर्करोगाशी लढतात, हे लेखकाचे विधान जठरापुरते अर्धेच खरे आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूला (१९९४पासून अधिकृतपणे कर्करोगकारक) हुसकावायला न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी धावून येतात. दुर्बिणीने काढलेल्या जठराच्या अस्तराच्या तुकड्यात, सूक्ष्मदर्शकाखाली, न्यूट्रोफिल ग्रंथींच्या भिंतीत घुसलेले दिसतात. जिवाणू सहसा हटत नाही. दाह मात्र वर्षानुवर्षे धुमसतो आणि अस्तरातील पेशींच्या डीएनएला इजा करतो. पुढे गाठ झालीच, तर काही मॅक्रोफेज चक्क फितूर होऊन तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात! खऱ्या लढवय्या म्हणाव्यात त्या मारक टी-पेशी. पीडी-१ हा टी-पेशींवरचा रेणू रोखणारी औषधे त्यांच्यावरचा अटकाव काढतात; ती सर्वच रुग्णांना लागू पडत नाहीत. — संपादक