आच

परवा घरी चकल्यांचे तळण चालले होते. धाकट्या मुलीला घाई झाली म्हणून तिने आच मोठी केली. आई देवघरातूनच ओरडली, "अगं, घाणा बिघडेल! वरून लाल होतील नि आत मऊ राहतील."

मला गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ आठवली. आमच्या थोरल्या बंधूंच्या हृदयाचे ठोके एकाएकी भरकटू लागले होते. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि रेडिओच्या जातीच्या विजेने तिथला खोडकर बिंदू जाळायचा, असे ठरले. 'जाळायचा' हा शब्द ऐकताच वहिनींचा चेहरा उतरला. मी आपला मॅट्रिक झालेला मास्तर. डॉक्टरांना एवढेच विचारले, "ही आच ताब्यात कशी ठेवता?" त्यांच्या उत्तराचा माग काढत मी जो मागे गेलो, तो थेट एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सपर्यंत.

घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते. तिचा स्पर्श झाला की स्नायू आखडतात, प्रसंगी प्राणही जातो. दार्सोनवाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1890 नंतरच्या काळात दाखवून दिले, की आवर्तने दहा हजारांच्या पलीकडे नेली तर स्नायू दचकत नाहीत. शरीराला फक्त ऊब लागते. मारणारी वीज अशी तापवणारी झाली.

तिला शस्त्र बनवले ते अमेरिकेतल्या विल्यम बोव्ही यांनी. 1 ऑक्टोबर 1926 रोजी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात हार्वे कुशिंग या मेंदूच्या शल्यविशारदाने बोव्हींचे यंत्र हाती घेतले. रुग्णाच्या डोक्यावर गाठ होती. तीन दिवसांपूर्वी रक्त थांबेना म्हणून तीच शस्त्रक्रिया अर्धवट सोडावी लागली होती. या खेपेस गाठ निघाली. रक्ताच्या भीतीने माघारी पाठवलेल्या रुग्णांना कुशिंगनी मग पुन्हा बोलावून घेतले.

गंमत अशी, की कापणारी वीज आणि रक्त थांबवणारी वीज एकाच यंत्रातून निघते. प्रवाह अखंड सोडला की पेशींतले पाणी क्षणात उकळते, पेशी फुटतात आणि मांस चिरले जाते. तोच प्रवाह मध्ये मध्ये खंड पाडून सोडला की पेशी सावकाश सुकतात आणि रक्तवाहिनीचे तोंड मिटते. फरक देण्याच्या रीतीचा.

हृदयातल्या कामात चकलीचा न्याय लागतो. पन्नास अंशांच्या आसपास पेशी मरते, तेवढे पुरते. टोकाजवळचे एकदोन मिलिमीटर वीज स्वतः तापवते, पुढची ऊब हळूहळू झिरपत जाते. उतावीळपणे आच वाढवली आणि पारा शंभरावर गेला, तर टोकाशी कोळसा धरतो, प्रवाहाची वाट अडते आणि आतला भाग कच्चाच राहतो. म्हणून आता नळीच्या टोकातून मिठाचे पाणी सोडून ते गार ठेवतात. शक्ती लागते बहुधा वीस ते पन्नास वॅट, म्हणजे जुन्या काचेच्या दिव्याइतकी. हृदयाच्या मागच्या पातळ भिंतीला अन्ननलिका खेटून असते. तिथे काही डॉक्टर पापडाची रीत वापरतात: आच मोठी, पण क्षणभरच, म्हणजे ती खोल जात नाही.

बोव्हींनी आपल्या यंत्राचे हक्क एका डॉलरला देऊन टाकले. 1958 साली ते वारले तेव्हा गाठीशी फारसे काही नव्हते. शल्यगृहात मात्र त्या उपकरणाला आजही 'बोव्ही' म्हणतात.

बंधू तिसऱ्या दिवशी घरी आले. परवा पहिल्या घाण्यातली चकली मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती मोडून पाहिली, कट्कन आवाज आला, आणि ते म्हणाले, "आईने आच कमी करायला लावलेली दिसते!"