पर्सेपोलिस

पर्सेपोलिस : इराणमधील क्रांती व युद्ध यांच्या पार्श्वभूमीवर एका मुलीची जडणघडण चितारणारा फ्रेंच ॲनिमेशनपट (२००७). मर्जान सत्रापी (ज. १९६९) या इराणी-फ्रेंच चित्रकथाकार आणि व्हॅन्साँ पारोनो यांनी तो संयुक्तपणे दिग्दर्शित केला. २०००–०३ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या सत्रापी यांच्या याच नावाच्या आत्मचरित्रात्मक चित्रकादंबरीवर, म्हणजे चित्रचौकटींतून उलगडणाऱ्या दीर्घ कथेवर, तो आधारलेला असून त्याचे शीर्षक प्राचीन इराणच्या अकिमेनिड साम्राज्याच्या राजधानीवरून घेतलेले आहे.

कथानकाचा आरंभ १९७८ च्या तेहरानमध्ये होतो. डाव्या विचारांच्या सुशिक्षित कुटुंबातील नऊ वर्षांची मर्जान शाहच्या राजवटीविरुद्धची निदर्शने बालसुलभ उत्साहाने पाहते. पण १९७९ च्या क्रांतीनंतर सत्ता धर्मसत्तावाद्यांच्या हाती जाते आणि शाहच्या काळात तुरुंगवास भोगलेल्या तिच्या लाडक्या काकाला नवी राजवट देहदंड देते. स्त्रियांवर हिजाबाची सक्ती होते, १९८० मध्ये इराकशी युद्ध जुंपते आणि शहरावर बाँब पडू लागतात. या काळात वयात येणारी मर्जान चोरट्या बाजारातून रॉक संगीताच्या ध्वनिफिती मिळवते आणि शाळेत शिक्षिकांना उलट प्रश्न विचारते, तेव्हा तिच्या काळजीने आईवडील तिला व्हिएन्नाला धाडतात. तेथे एका मेजवानीत ती आपण फ्रेंच असल्याची बतावणी करते आणि लगोलग मनातल्या आजीचा आवाज तिला फटकारतो. एकाकीपणा, प्रेमभंग व आजारपण सोसून ती मायदेशी परतते; मात्र खिन्नता, फसलेला विवाह आणि पदोपदी होणारी बंधनांची जाचणूक यांमुळे अखेर फ्रान्सची वाट धरते.

मूळ पुस्तकातील काळ्या-पांढऱ्या रेखाटनाची शैली चित्रपटातही कायम ठेवण्यात आली असून त्यासाठी हाताने काढलेल्या चित्रांचे पारंपरिक तंत्र अवलंबिले आहे. प्रौढ मर्जानचा पॅरिसच्या विमानतळावरील वर्तमानकाळ रंगीत, तर तिच्या आठवणी बहुतांशी कृष्णधवल अशी योजना आहे. सपाट काळ्या पृष्ठांतून कोरून काढल्यासारखे चेहरे आणि सावल्यांच्या रूपात येणारे सैनिक व निदर्शक यांमुळे हिंसेचे तपशील न दाखवताही तिची दहशत जाणवते, तर शाह घराण्याच्या उदयाचा इतिहास कळसूत्री बाहुल्यांच्या खेळासारखा मांडल्याने त्याला उपहासाची धार येते. कला महाविद्यालयातील प्रसंगही असाच बोलका आहे : मानवी देहाच्या अभ्यासासाठी बसवलेली स्त्री नखशिखांत चादरीत गुंडाळलेली असते आणि विद्यार्थ्यांना रेखाटण्यासाठी कापडाच्या घड्याच तेवढ्या उरतात. राजकीय दडपणाचा आशय असा दैनंदिन जीवनातील विसंगतीतून व्यक्त करणे, हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य होय.

मूळ फ्रेंच आवृत्तीत मर्जानला कियारा मास्त्रोयानी, आईला कातरीन दनव आणि आजीला दानिएल दारियो यांचा आवाज लाभला. संगीत ऑलिव्हिए बेर्ने यांचे आहे. २००७ च्या कान महोत्सवात चित्रपटाला परीक्षक मंडळाचे पारितोषिक विभागून मिळाले, ऑस्करसाठी सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाच्या गटात नामांकन लाभले आणि २००८ मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पण व रूपांतरित पटकथा यांसाठीचे सेझार हे फ्रान्समधील मानाचे चित्रपट पुरस्कार प्राप्त झाले.

इराणच्या शासनसंलग्न चित्रपटसंस्थेने कान महोत्सवातील निवडीबद्दल निषेध नोंदविला, तर लेबाननमध्ये चित्रपटावर काही काळ बंदी होती. २०११ मध्ये ट्युनिशियातील एका दूरचित्रवाणी वाहिनीने तो प्रसारित केल्यावर, लहानग्या मर्जानशी संवाद करणारा परमेश्वर दाढीधारी वृद्धाच्या रूपात दाखविल्याने क्षोभ उसळला आणि वाहिनीच्या प्रमुखाला न्यायालयाने दंड ठोठावला. आत्मचरित्र, राजकीय इतिहास आणि विनोद यांची सांगड घालणाऱ्या या कलाकृतीने ॲनिमेशन हे प्रौढांच्या गंभीर कथनाचेही समर्थ माध्यम असल्याचा प्रत्यय दिला.