नारळी पौर्णिमा (पालघर-तारापूर किनारा) : सजावट व पर्णपात्रे

पालघर व डहाणू तालुक्यांच्या किनाऱ्यावरील मांगेला, वैती, कोळी इत्यादी दर्यावर्दी जमाती श्रावण शुद्ध पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मासेमारीच्या नव्या हंगामास आरंभ करतात, तो सण. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, घिवली, तारापूर, चिंचणी, वरोर ही त्याची प्रमुख गावे होत. हा मुलूख १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असल्यामुळे त्याविषयीचे जुने दप्तर ठाण्याच्याच सदराखाली शोधावे लागते. याच तिथीस श्रावणी व रक्षाबंधनही येते.

सजावट : नैर्ऋत्य वाऱ्याच्या दिवसांत किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या होड्या आषाढाच्या अखेरीस उघड्या केल्या जातात; त्यांची डागडुजी व रंगकाम उरकल्यावर डोलकाठीपासून नाळेपर्यंत पताकांच्या माळा ताणून, नाळेस हळदकुंकू लावून व झेंडूच्या फुलांचा हार घालून त्यांची पूजा होते. सोनेरी कागदाने मढविलेला मानाचा नारळ वाजतगाजत बंदरावर नेतात. नारळ वाहण्याचा मान कोणाचा, याविषयीची वहिवाट गावोगाव भिन्न आहे.

पर्णपात्रे : सणाच्या वर्णनांत मिरवणुकीस पानेच्या पाने मिळतात आणि जेवणाच्या पानास एक ओळही मिळत नाही, वस्तुतः किनारा आणि डोंगर यांचा या दिवशी जो संबंध येतो तो या पानातूनच. केळीचे पान केळवे-माहीमच्या वाड्यांतून येते, तर पळसाची पाने मनोर-विक्रमगडकडील आदिवासी स्त्रिया रानभाज्यांच्या जुड्यांबरोबर पालघर-बोईसरच्या बाजारात आणतात. वैशाखात फुटलेली पळसाची पालवी श्रावणापर्यंत जून व चिवट होते. तेव्हा ती दुमडली तरी चिरत नाही. पळसाला पाने तीनच, त्यांपैकी मधले सर्वांत मोठे. असे एक रुंद पान मध्यभागी ठेवून भोवती इतर पाने एकावर एक चढवीत, नारळाच्या झावळीच्या हिराचे किंवा बांबूच्या चोयेचे बारीक टाके घालीत पत्रावळ लावली जाते. पानाची खालची बाजू लवयुक्त असते, म्हणून गुळगुळीत बाजू वर घेतात. रसदार पदार्थासाठी द्रोण वेगळे लावतात. केळीचे पान मांडताना त्याचे अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हातास येईल असे ठेवावे, असा संकेत आहे.

सह्याद्रीच्या कड्यांवरील चवई, म्हणजे रानकेळ, ही या हंगामातील पानांत सर्वांत अल्पायुषी. उन्हाळ्यात तिचा दृश्य भाग वाळून जातो व पाऊस पडताच कंदातून नवी पाने उसळतात. त्यामुळे तिच्या पानात उकडलेले वारली घरांतील पानमोडे वर्षाच्या इतर काळी होऊच शकत नाहीत. चातुर्मासातील पर्णभोजनाचे व्रत, म्हणजे धातूचे ताट वर्ज्य करून पानावर जेवणे, पाळणे सोपे जाते ते पानांच्या या सुबत्तेमुळेच.

नारळीभात : तुपात लवंगा तडतडवून त्यांवर परतलेला तांदूळ मोकळा शिजवून, निवल्यावर त्यात ओले खोबरे, गूळ व वेलदोड्याची पूड घालून पुन्हा वाफ आणतात. तो कढत असतानाच पानावर वाढला म्हणजे पानाचा रंग त्या जागेपुरता काळवंडतो आणि हिरव्या पानाचा उग्र-गोड वास वेलदोड्याच्या वासात मिसळतो. ही चव स्टीलच्या ताटात येत नाही, हे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

तुलना : जपानात ७ जुलैस, आणि सेंदाई येथे ६ ते ८ ऑगस्टला, साजरा होणारा तानाबाता हा ताऱ्यांचा उत्सव पानांच्या ऋतुनिष्ठ वापराच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बांबूच्या फांद्यांस इच्छा लिहिलेल्या कागदी पट्ट्या बांधतात. पूर्वी काजी नावाच्या कागदी तुतीच्या पानांवर कविता लिहीत. उरासेंके या चहापानपरंपरेचे अकरावे प्रमुख गेंगेन्साई यांनी पाण्याच्या भांड्यावर झाकण म्हणून ताजे पान ठेवण्याची पद्धत तानाबाताच्या निमित्ताने रूढ केली. उन्हाळी जेवणात काचेची व बांबूची भांडी वापरून डोळ्यांना गारवा देण्याची तेथील दृष्टी आपल्या पर्णभोजनाहून हेतूने निराळी असली, तरी ऋतूने भांडे ठरवावे हे तत्त्व उभयत्र समान आहे.

हंगाम व कायदा : पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असल्यामुळे यांत्रिक नौका बहुधा तिथीपूर्वीच समुद्रात जातात. सातपाटीचे नाव ज्या पापलेटावर अवलंबून आहे, व ज्याला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून घोषित करण्यात आले, त्याची पिल्ले जगावीत म्हणून बंदी पौर्णिमेपर्यंत वा १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, अशी मच्छीमारांची मागणी आहे. नियोजित वाढवण बंदराचा या किनाऱ्यावरील परिणाम हा वादाचा विषय असल्याने येथे घेतलेला नाही.

गाणी व नृत्ये : पहा, कोळीगीते.