मृगाआधीचा शेवटचा सामना

१/ कबड्डीचा इतिहास सहसा मोठ्या मैदानांवरून सांगितला जातो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिची प्रात्यक्षिके केली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली.

२/ या इतिहासातून एक जण गळतो: गावच्या स्पर्धांचा रसिक.

३/ रायगडातील कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. सुगी आटोपली की रिकामे खाचर अनेकदा क्रीडांगण होते. धसकटे काढायची, माती चोपायची, पाणी शिंपडायचे, फक्कीने रेषा आखायच्या. अशा मैदानांचा हंगाम भात ठरवतो: कापणीनंतर आरंभ, मृगाआधी समाप्ती.

४/ म्हणून मे महिन्यात रसिकाची घालमेल वाढते. वळिवाची एक सर आली की माती निसरडी होते आणि सामना थांबतो. शेजारी राब भाजून तयार असतात. अंतिम सामना हुकला, तर थेट पुढच्या सुगीपर्यंत प्रतीक्षा.

५/ तालुक्याबाहेर नाव नसलेला चढाईपटू कोणत्या बाजूला हुलकावणी देतो, हे या रसिकाला ठाऊक असते. निवड समितीला तो खेळाडू पुढे कधीतरी दिसतो.

६/ मॅटवरच्या बंदिस्त खेळाला पावसाचे भय नाही. मात्र कर्जत परिसरातील खाचरांचे आता फार्महाऊसचे भूखंड होत आहेत. शेत विकले जाते, तेव्हा त्याची नोंद सातबाऱ्यावर होते; त्यासोबत गेलेल्या मैदानाची नोंद कोठेच होत नाही.